रंगाची हौस आणि वंशाचा हिशेब

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण संगतीचा परिणाम सांगण्यासाठी नेहमी वापरतो. परंतु तिच्या पोटात एक शास्त्रीय सत्यही दडलेले आहे. एका दावणीला बांधल्याने गुण लागू शकतो, वाण मात्र लागत नाही, हे ज्या शेतकऱ्याने प्रथम बोलून दाखविले, त्याने गोठ्यात उभे राहून अनेक वर्षे निरीक्षण केलेले असले पाहिजे. वाण म्हणजे अंगाचा रंग. तो शेजाऱ्याकडून येत नाही, आईबापांकडून येतो. ढवळा, पवळा, तांबडा, कबरा, बांडा असे कितीतरी शब्द आपल्या भाषेने जनावरांच्या रंगांसाठी जपून ठेवले आहेत. परंतु तो रंग आईबापांकडून कसा येतो, किती येतो, आणि दोघांच्याही अंगावर नसताना पिल्लाच्या अंगावर कधीकधी कसा उमटतो, या प्रश्नांचे उत्तर म्हणींत सापडत नाही. ते उत्तर गेल्या दीडशे वर्षांत शास्त्राने शोधून काढले आहे.

आज आमच्या पुष्कळशा विद्यार्थ्यांच्या घरी गोठा राहिलेला नाही. पण प्राणी पाळण्याची हौस काही गेलेली नाही. कोणाच्या घरी मासे असतात, कोणाच्या घरी ससा, आणि अलीकडे कित्येक घरांत हॅमस्टर नावाचा, मुठीत मावेल एवढा प्राणी पिंजऱ्यात दिसू लागला आहे. वाढदिवसाची भेट म्हणून तो आणला जातो. सोनेरी, मलईरंगी, काळा, पट्ट्याचा, ठिपक्यांचा असा निवडून आणला जातो, आणि थोड्याच दिवसांत ‘याला जोडीदार हवा, पिल्ले कोणत्या रंगाची होतील ते पाहू’ असा हट्ट सुरू होतो. या हट्टासंबंधी आम्हाला चार शब्द सांगावयाचे आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याला रंगाची हौस आहे त्याने वंशाचा हिशेब शिकलाच पाहिजे. हिशेब न शिकता केलेल्या हौसेची किंमत हौस करणारा देत नाही, ती एका मुक्या जिवाला द्यावी लागते.

प्रथम या प्राण्याचा इतिहास पाहू, कारण तो एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. सोनेरी हॅमस्टर हा मूळचा सीरिया देशातील अलेप्पो शहराच्या परिसरातला. १८३९ साली जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल ॲडलर हे काळा आजार व तत्सम रोगांवर संशोधन करीत होते. आपल्याकडे बिहार-बंगालने ज्या रोगाचा तडाखा पिढ्यानपिढ्या सोसला तोच हा काळा आजार. त्यांना प्रयोगासाठी बंदिवासात वंश वाढविणारा एखादा लहान प्राणी हवा होता. म्हणून १९३० साली इस्रायल अहरोनी हे प्राणिशास्त्रज्ञ अलेप्पोजवळ गेले. तेथे एका शेतात खोल खणल्यावर त्यांना एक मादी आणि तिची अकरा पिल्ले मिळाली. पकडल्याच्या भयाने त्या मादीने एक पिल्लू मारले. उरलेल्यांतली काही पुढे पळाली, काही मेली. शेवटी हाताशी राहिलेल्या मोजक्या भावंडांतच वंश सुरू करावा लागला. तो सुरू झाला आणि वर्षभरातच त्यांची संख्या दीडशेच्या घरात गेली. १९३१ साली ती इंग्लंडात आणि १९३८ साली अमेरिकेत पोचली. आज जगभर घराघरांतून आणि प्रयोगशाळांतून जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते जवळजवळ सर्वच्या सर्व त्या एका बिळातील एका वेताचे वंशज आहेत.

आता विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. एकाच आईची ही लेकरे, सगळी रानातल्या मातीला मिळत्याजुळत्या सोनेरी रंगाची. मग त्यांच्या वंशात मलईरंगी, काळे, बांडे, कंबरेला पांढरा पट्टा असलेले, तीन रंगांचे असे डझनावारी प्रकार आले कोठून? बाहेरून नवे रक्त तर आले नव्हते. याचा अर्थ इतकाच, की काही रंग त्या पहिल्या भावंडांच्या पोटीच गुप्तपणे वास करीत असतील, आणि काही पुढे वंशद्रव्यात अकस्मात घडलेल्या बदलांनी, म्हणजेच उत्परिवर्तनांनी, उत्पन्न झाले असतील. ‘खाण तशी माती’ असे आपण म्हणतो. पण खाणीच्या पृष्ठभागावर दिसते तेवढीच माती तिच्यात नसते, थराखाली थर असतात, हे हॅमस्टरने आपल्याला दाखवून दिले आहे.

अंगावर रंग येतो तो कसा? केसांना रंग देणारी द्रव्ये मुख्यतः दोन. एक काळसर तपकिरी आणि दुसरे पिवळसर तांबूस. सोनेरी हॅमस्टरचा एकच केस भिंगाखाली धरला तर तो बुडाशी राखाडी, मध्ये सोनेरी आणि टोकाला काळा दिसतो. केस वाढत असताना ही दोन द्रव्ये आळीपाळीने तयार होतात, म्हणून हे पट्टे पडतात आणि दुरून पाहणाऱ्याला सगळे अंग सोनेरी भासते. जनुकातील एका बदलाने ही आळीपाळी थांबली की केस सबंध काळा होतो. दुसऱ्या एका बदलाने केसातले काळे द्रव्यच बंद पडते आणि प्राणी मलईरंगी होतो. त्याचे डोळे मात्र काळेच राहतात.

पांढऱ्या ठिपक्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. पांढरा हा रंग नव्हेच, तो रंगाचा अभाव होय. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भावस्थेत प्रथम पाठीच्या कण्याच्या रेषेजवळ जन्म घेतात आणि तेथून दोन्ही अंगांनी खाली, पोटाकडे, पायांकडे, डोक्याकडे प्रवास करतात. जेथवर त्या पोचतात तेथवर रंग, जेथे पोचत नाहीत तेथे पांढरे. गाईच्या पोटाखाली, घोड्याच्या कपाळावर, कुत्र्याच्या पंजांवर पांढरे डाग अधिक का दिसतात, याचे कारण हेच: या जागा प्रवासाच्या शेवटच्या टोकाला आहेत. पेशींचा हा प्रवास अडविणारी किंवा मंदावणारी जनुके निरनिराळी असतात. एकामुळे कंबरेभोवती पांढरा पट्टा येतो, दुसऱ्यामुळे सर्वांगावर ठिपके येतात. ठिपके असावेत एवढा आराखडा वारशाने मिळतो. पण अमुक ठिपका नेमका कोठे पडावा हे पुष्कळसे योगायोगाने ठरते, म्हणून एकाच वेतातील दोन भावंडांची नक्षी कधी तंतोतंत सारखी नसते.

आता हिशेबाकडे वळू. ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने ब्रून शहरातील मठाच्या बागेत वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून १८६६ साली हा हिशेब छापला. जगाने मात्र त्याची दखल १९०० साली घेतली. त्याचे सार असे: बहुतेक गुणांसाठी प्रत्येक जिवाजवळ जनुकांची जोडी असते, त्यांतील एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून. काही जनुके प्रभावी असतात, म्हणजे एकटी असली तरी आपला रंग दाखवितात. काही अप्रभावी असतात, म्हणजे दोन्ही सारखी मिळाली तरच दिसतात, एकटी असली तर गुपचूप बसतात.

हॅमस्टरचा मलई रंग अप्रभावी आहे. समजा, सोनेरी नर आणि सोनेरी मादी, दोघांच्याही पोटी मलई रंगाचे एकेक जनुक लपलेले आहे. प्रत्येक पिल्लाला आईकडून सोनेरी किंवा मलई, आणि बापाकडून सोनेरी किंवा मलई असे मिळेल. म्हणजे चार शक्यता झाल्या. त्यांतल्या तीन शक्यतांत पिल्लू सोनेरी दिसेल आणि एका शक्यतेत मलईरंगी. आठ पिल्लांच्या वेतात सरासरीने दोन मलईरंगी निघतील. नाणे चार वेळा उडविले म्हणून छापा नेमका दोनदाच पडतो असे नव्हे. तसेच एखाद्या वेतात एकही निघणार नाही, एखाद्यात चार निघतील, पण पुष्कळ वेते मोजली तर प्रमाण पाव हिश्श्यावर येऊन ठेपेल. ‘आईबाप दोघे सोनेरी, मग पिल्लू असे कसे?’ हा प्रश्न आम्हाला वर्गात अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर हा पाव हिस्सा देतो. येथे त्या पिल्लाचे काही बिघडलेले नसते. ते आपल्या भावंडांइतकेच सुदृढ असते, फक्त रंगाने वेगळे.

येथेच आणखी एक मौज सांगून टाकतो. पिवळा, काळसर आणि पांढरा असे तीन रंग अंगावर वागविणारे हॅमस्टर जवळजवळ नेहमी माद्याच असतात. आपल्या गल्लीतील तीनरंगी मांजरही बहुधा भाटीच असते, बोका नसतो, आणि कारणही एकाच जातीचे आहे. पिवळ्या रंगाचे हे जनुक एक्स या गुणसूत्रावर बसते. मादीजवळ एक्स गुणसूत्रे दोन असतात, नराजवळ एकच. मादीच्या गर्भात प्रारंभीच प्रत्येक पेशी दोहोंपैकी एक एक्स बंद करून टाकते. कोणती पेशी कोणते बंद करील याला नियम नाही. एकावर पिवळ्याचे जनुक असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर अंगावर पिवळ्या आणि काळ्या रंगांचे तुकडे पडतात. त्यात पांढऱ्याचे जनुक मिसळले की तीन रंग झाले. मेरी लायन या इंग्रज विदुषीने १९६१ साली उंदरांच्या अंगावरील अशाच तुकड्यातुकड्यांच्या रंगांवरून हा सिद्धान्त मांडला. जी नक्षी पाहून आपण ‘किती गोड!’ एवढेच म्हणतो, तिच्यातून एका अभ्यासू डोळ्याने सर्व सस्तन माद्यांना लागू पडणारे सत्य वाचले.

इथवरचा हिशेब निर्मळ आनंदाचा आहे. परंतु तोच पाव हिस्सा दुसऱ्या एका ठिकाणी फार कठोर होतो, आणि या लेखाचा खरा विषय तो आहे.

हॅमस्टरांत रोन नावाचा एक प्रकार आहे. पांढऱ्याशुभ्र अंगावर, विशेषतः डोक्याकडे, रंगीत केस शिंपडल्यासारखे दिसतात. तो मोठा देखणा दिसतो यात शंका नाही. हे रूप देणारे जनुक प्रभावी आहे, एक मिळाले तरी पुरते. मलईरंगी प्राण्यात ते आले तर असा शिंपडलेला रंग येतो. सोनेरी प्राण्यात आले तर मात्र वरून काहीच कळत नाही, केवळ पोटाखालची लव शुभ्र होते. पण रोन नर आणि रोन मादी यांची जोडी लावली, तर पाव हिस्सा पिल्लांना हे जनुक दोन्हीकडून मिळते. ती पिल्ले अंगाने पूर्ण पांढरी असतात, त्यांना डोळे नसतात किंवा नावापुरते अवशेष असतात, आणि त्यांच्या श्रवणातही दोष असतो.

रंगाच्या जनुकाचा डोळ्यांशी आणि कानांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की निसर्गात एक जनुक एकच काम करते असे नाही. रंगपेशींना घडविणारे हे जनुक डोळ्याच्या आतील रंगीत पडदा घडवितानाही लागते, आणि कानाच्या अंतर्भागातही रंगपेशींची एक रांग असते, तिच्याविना ऐकू येण्याचे काम नीट चालत नाही. १९९८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हॅमस्टरमधील हा बिघाड एमआयटीएफ नावाच्या जनुकात आहे. माणसांतही हेच जनुक आहे, आणि त्याच्या दोषामुळे काही माणसांच्या केसांत पांढरी बट, डोळ्यांत फिकट रंग आणि बहिरेपणा एकत्र आढळतात. म्हणजे केसाच्या टोकावर दिसणारी शोभा आणि शरीराच्या आत खोलवर असलेली इंद्रिये एकाच सूत्रात ओवलेली आहेत. एक मणी ओढला की दुसराही हलतो.

ठिपक्यांच्या आणखी एका प्रभावी जनुकाची कथा याहून मूक आहे. ते दोन्हीकडून मिळालेले पिल्लू जन्मालाच येत नाही, गर्भातच नाहीसे होते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त वेत थोडे लहान दिसते. असाच प्रकार फ्रान्समधील ल्युसिअँ क्येनो यांना १९०५ साली पिवळ्या उंदरांत आढळला होता. त्यांना तीनास एक हे मेंडेलचे प्रमाण मिळेना, दोनास एक मिळे. १९१० साली अमेरिकेत कॅसल आणि लिटल यांनी उलगडा केला, की बेरजेतून गळालेली पिल्ले गर्भातच मेलेली असतात. हिशेबात तूट दिसली तर ती कोठे गेली हे विचारले पाहिजे, हा धडा वाणिज्याच्या विद्यार्थ्यापेक्षा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक लागू पडतो.

आता आमच्या मताचा गाभा सांगतो, आणि तो विद्यार्थ्यांनी पाटीवर मांडून पाहावा. रोन नर आणि रोन मादी यांच्या आठ पिल्लांत सरासरीने चार रोन, दोन साधी आणि दोन आंधळी निघतात. याउलट रोन नर आणि हे जनुक मुळीच नसलेली साधी मादी यांच्या आठ पिल्लांत चार रोन आणि चार साधी निघतात, आंधळे एकही नाही. म्हणजे हौशी माणसाला जी चार देखणी पिल्ले हवी होती ती दोन्हीकडे चारच! दोन रोनांची जोडी लावून त्याला एकही देखणे पिल्लू जास्त मिळालेले नाही. त्याने फक्त दोन जिवांचे डोळे घालविले. ठिपक्यांच्या जनुकाचेही तसेच. दोघेही ठिपक्यांचे घेतले काय आणि एकच घेतला काय, आठ गर्भांमागे ठिपक्यांची पिल्ले चारच होतात. फरक असतो तो गर्भात मेलेल्या दोघांचा. क्रौर्याचा लाभ अशा ठिकाणी शून्य आहे, आणि तो शून्य आहे हे कळायला चौथीच्या पुस्तकातले अपूर्णांक पुरतात. म्हणून आम्ही म्हणतो, की येथे अज्ञान ही क्षम्य गोष्ट राहत नाही.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांपैकी पहिला असा, की हॅमस्टर हा निशाचर, त्याची दृष्टी मुळातच अधू. तो वासावर आणि मिशांच्या स्पर्शावर जगतो, तेव्हा डोळ्यांवाचून त्याचे फारसे अडत नाही. यात तथ्य आहे. पिंजऱ्यातील वस्तू जागच्या जागी ठेवल्या, आवाज न करता अंगाला एकदम हात लावला नाही, तर असे पिल्लू प्रेमाने वाढविता येते, आणि ज्यांच्या घरी ते आले त्यांनी ते अवश्य वाढवावे. परंतु आलेल्या दुःखाची सेवा करणे ही करुणा झाली. दुःख टाळता येत असताना ते निर्माण करून मग सेवा करणे याला करुणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की निसर्गातही दोषयुक्त पिल्ले जन्मतात, मग माणसालाच दोष का? जन्मतात, हे खरे. पण रानात हॅमस्टर एकेकटा राहतो आणि आपला जोडीदार आपणच शोधतो. पिंजऱ्यात जोडी आपण लावतो. दार उघडून एकाला दुसऱ्याजवळ सोडणारा हात आपला आहे. ज्या कामात हात आपला, त्यात जबाबदारी निसर्गावर टाकता येत नाही.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण मनात असतो: ‘अहो, एवढासा तो उंदरासारखा प्राणी, दोन-तीन वर्षांचे त्याचे आयुष्य, त्याचे एवढे काय?’ याला आमचे उत्तर एवढेच, की ज्याला एवढासा जीव सांभाळता आला नाही त्याच्या हाती मोठा जीव सोपविण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. आज जो विद्यार्थी हॅमस्टरांची जोडी लावतो, तोच उद्या कुत्री पाळील, गाईगुरे पाळील. चपट्या नाकाची कुत्री गोजिरवाणी दिसतात म्हणून लोकांनी त्यांची नाके पिढ्यानपिढ्या इतकी आखूड करून टाकली, की त्यांतल्या कित्येकांना श्वास घेणेही कठीण होते. हौस तीच, प्राणी फक्त मोठा.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्हाला अगत्याचे वाटते. पिंजऱ्यातील हा हिशेब कोणी माणसांच्या समाजाला लावू पाहील तर तो घोर अनर्थ करील. असा अनर्थ इतिहासात घडलेला आहे. जर्मनीत १९३३ साली नाझी राजवटीने सक्तीने निर्बीज करण्याचा कायदा केला, आणि त्या कायद्याच्या यादीत आनुवंशिक अंधत्व आणि बहिरेपणा ही दोन्ही होती. माणूस हा कोणाच्या पिंजऱ्यातला प्राणी नव्हे. त्याचा जोडीदार तो स्वतः निवडतो, आणि दृष्टी वा श्रवण नसलेला माणूस इतर कोणाइतकाच पूर्ण माणूस आहे, हे हेलन केलरचे नाव ऐकलेल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. आमचा आक्षेप आंधळ्या पिल्लावर नाही, बेफिकीर मालकावर आहे. तसेच ‘आमचे रक्त शुद्ध, आमच्या घराण्याचा रंगच वेगळा’ असे मिरविणाऱ्यांनीही अलेप्पोच्या त्या बिळाकडे पाहावे. एका आईची सोनेरी लेकरे, आणि त्यांच्या वंशात डझनावारी रंग. कातडीवरून वंश वाचू पाहणारा माणूस पुस्तकाचे वेष्टन पाहून पुस्तक वाचल्याची बढाई मारीत असतो.

मग विद्यार्थ्यांनी करावे काय? हॅमस्टर पाळूच नये असे आम्ही म्हणत नाही. पाळावा, एकच पाळावा, आणि नीट पाळावा. मोठे झालेले सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. त्यांना सोबतीची गरज असते हा आपला मानवी समज आहे. पिल्ले हवीच असतील, तर आधी पुढील गोष्टी कराव्यात. विकत घेताना त्याचे आईबाप कोणत्या रंगाचे होते हे दुकानदाराला विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर त्या प्राण्याची जोडी लावू नये, केवळ सोबती म्हणून ठेवावा. सोनेरी प्राणी घेतला तर त्याचे पोट पाहावे. तेथील लव शुभ्र असेल तर त्याच्या पोटी रोनचे जनुक असण्याचा संशय धरावा. पांढरा रंग फार असलेल्या प्राण्यात हे जनुक असूनही ओळखू येत नाही, म्हणून तेथे अधिकच जपावे. दोन रोन, दोन शुभ्र पोटाचे, किंवा एक रोन आणि एक शुभ्र पोटाचा, अशी जोडी कधीही लावू नये. आणि हेही लक्षात ठेवावे, की मादी अवघ्या सोळा दिवसांत विते आणि पिल्ले महिन्या-सव्वा महिन्याची होताच नर-माद्या वेगळ्या कराव्या लागतात. तेवढ्यात हयगय झाली तर भावंडांतच वंश वाढू लागतो. आठ पिल्लांना आठ चांगली घरे आधी ठरली नसतील, तर मुळात पिल्लांची हौसच करू नये.

कायद्याचेही थोडे साहाय्य आहे. केंद्र सरकारने २०१८ साली केलेल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या नियमांत हॅमस्टरचे नाव स्पष्ट घेतलेले आहे, आणि दुकानदाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी असे सांगितलेले आहे. पालकांनी अशी नोंदणी पाहूनच प्राणी घ्यावा. परंतु कायद्याचा हात दुकानाच्या दारापर्यंत पोचतो. घरातील पिंजऱ्यापर्यंत पोचावयाला ज्ञानच हवे.

आणि ज्ञानासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक वही पुरते. रॉय रॉबिन्सन या इंग्रज अभ्यासकाने सीरियन हॅमस्टरच्या मलई रंगाचा, माणकासारख्या डोळ्यांचा आणि बांडेपणाचा वारसा कसा चालतो हे पिल्ले मोजून शोधून काढले आणि १९५८ साली ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या नियतकालिकाचे संपादक जे. बी. एस. हॉल्डेन आदल्याच वर्षी इंग्लंड सोडून भारतात राहावयास आले होते आणि पुढे येथलेच नागरिक झाले. पिंजऱ्यातील पिल्लांची प्रामाणिक नोंद ही अशा थोर माणसांनाही छापण्याजोगी वाटली, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. आपण कला शाखेचे की विज्ञान शाखेचे, हा प्रश्न येथे येतच नाही. पाहणे, मोजणे आणि खरे ते लिहून ठेवणे ही सर्वांचीच विद्या आहे.

जनावराचे वाण आपल्या हौसेने ठरते, पण त्याचे सुख आपल्या विवेकाने ठरते. रंग पाहून जो भुलतो तो बालक. रंग पाहून ‘याच्या पोटी आणखी काय दडले असेल?’ असे जो विचारतो तो विद्यार्थी. आणि त्या विचाराने आपला पुढे झालेला हात जो वेळीच आवरतो, त्याला आम्ही सुशिक्षित म्हणू. आमच्या शाळेतून असे सुशिक्षित अधिकाधिक संख्येने बाहेर पडोत, एवढीच आमची इच्छा आहे.